पहिला थेंब

होडीच्या मागे टांगतात त्या आउटबोर्ड इंजिनाच्या गिअरकेसचा, म्हणजे पाण्याखालच्या दातेरी चाकांच्या पेटीचा, तळाचा स्क्रू सैल करताना माझा हात आजही आपोआप मंदावतो. इंजिन रात्रभर सरळ उभं ठेवलेलं असतं, कुणी हलवलेलं नसतं. सकाळी खाली काचेची बरणी धरायची, वरचा हवेचा स्क्रू बंदच ठेवायचा आणि खालचा अर्धा वेढा फिरवून थांबायचं. आत हवा शिरायला वाट नसल्यामुळे तेल भसकन येत नाही, रेंगाळत येतं. पाणी गिअर ऑइलपेक्षा जड. आत मोकळं पाणी असेल तर रात्रीत ते तळाला बसतं आणि सगळ्यांच्या आधी तेच बाहेर पडतं. म्हणून पहिला थेंब बघायचा. निम्मं निदान त्यातच असतं.

त्या सकाळी पहिला थेंब पाण्याचा निघाला. दुसराही. मग तीन-चार चमचे पाणी आणि त्यामागून राखाडी झाक असलेलं दुधी तेल. बरणी मांडीवर घेऊन मी बराच वेळ नुसती बसून राहिले. जेमतेम तीन फेऱ्यांपूर्वी मी याच गिअरकेसची सीलं, म्हणजे पाणी आत नि तेल बाहेर जाऊ न देणारी रबरी कडी, बदलली होती.

इंजिन जुनं आहे. दहा अश्वशक्तीचं, दोन स्ट्रोकचं, माझ्यापेक्षा वयाने मोठं. ते माझ्याकडे आलं तेव्हा वरचा भाग, म्हणजे कार्ब्युरेटर, प्लग, कॉइल, कुणी ना कुणी पुन्हा पुन्हा उघडलेला दिसत होता. गिअरकेस मात्र कित्येक वर्षांत उघडलेली नसावी. तिच्या स्क्रूंवरचा रंगसुद्धा अखंड होता. बहुतेक जुन्या आउटबोर्डांची हीच गत असते. जो भाग आवाज करतो, धूर सोडतो, त्याच्याकडे सगळे धावतात. पाण्याखाली मुकाट्याने फिरणाऱ्या भागाकडे तो थांबेपर्यंत कुणाचं लक्ष जात नाही.

ही गिअरकेस करते काय, तर उभी आलेली ताकद आडवी वळवते. इंजिनातून खाली येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला पिनियन, म्हणजे तिरक्या दात्यांचं छोटं चाक. ते पुढच्या आणि मागच्या अशा दोन मोठ्या चाकांना एकाच वेळी उलटसुलट दिशांना फिरवत राहतं. त्या दोघांच्या मध्ये, पंख्याच्या, म्हणजे प्रोपेलरच्या शाफ्टवर, क्लच सरकतो. तो एका चाकात गुंतला की होडी पुढे जाते, दुसऱ्यात गुंतला की मागे येते, मध्ये राहिला की न्यूट्रल. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूड यांनी १९०९ मध्ये अमेरिकेत विकायला आणलेल्या आउटबोर्डमध्येही ताकद अशीच उभ्या शाफ्टने खाली येऊन तिरक्या दात्यांवर वळत होती. पुढे पुष्कळ काही बदललं, हा काटकोन तसाच राहिला. आणि त्याच्यासोबतची अडचणही तीच राहिली: वंगणात बुडलेली चाकं पाण्यात बुडवून फिरवायची आणि वंगणाची नि पाण्याची गाठ पडू द्यायची नाही.

पेटी पूर्ण बंद असती तर प्रश्नच नव्हता. पण तिला वरून उभा शाफ्ट आत यायला वाट लागते, त्याच्या शेजारून गिअर बदलायची सळई यायला वाट लागते, मागून पंख्याचा शाफ्ट बाहेर पडायला वाट लागते. तेल भरायला आणि काढायला दोन स्क्रू लागतात. शिवाय माझ्या इंजिनासारख्या काही जुन्या गिअरकेस दोन तुकड्यांच्या असतात. खालचा परासकटचा भाग वेगळा, स्क्रूंनी वरच्या भागाला जोडलेला, आणि त्या जोडात खाचेत बसवलेली रबराची बारीक दोरी. एवढ्या सगळ्या वाटा रबराच्या भरवशावर बंद ठेवलेल्या असतात आणि ते रबर कधीकधी इंजिनाच्याच वयाचं असतं.

पहिल्या वेळी दुधी तेल दिसलं तेव्हा मी जे केलं ते बहुतेक जण करतात. मागचं सील, वरचं सील, जोडातली दोरी, स्क्रूंचे वॉशर, असं हाताला लागेल ते सगळं बदललं. नवं तेल भरलं, पुसून लख्ख केलं आणि काम झालं असं समजून निघाले. गिअर बदलायची सळई जिच्यातून आत येते त्या बुशमधली ओ-रिंग, म्हणजे रबराचं गोल कडं, तेवढी राहू दिली. तिच्यापर्यंत पोहोचायला वेगळं हत्यार लागतं, आणि वरून बघता तिथे काही बिघडलेलं दिसत नव्हतं.

ज्यांच्या हाताखाली मी इंजिनं शिकले त्या काकांना मी बरणी दाखवली. त्यांनी ती हलवली नाही, फक्त तिरपी करून तळ बघितला.

"सीलं बदललीस म्हणालीस."

"हो. सगळी नवी."

"ते झालं गं. पण गळत कुठून होतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सीलं बदलणं आणि गळती शोधणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे मला तोवर कळलेलं नव्हतं. जुनी सीलं मी उपसून फेकली तेव्हा गळतीचा पुरावाही त्यांच्याबरोबर फेकला होता. कुठलं सील कडक झालं होतं, कुणाची कड फाटली होती, शाफ्टचा कुठला भाग झिजला होता, यातलं काहीच मी बघितलं नव्हतं. आता नव्याने सुरुवात करायची होती, आणि या वेळी पाना उचलण्याआधी बघायचं होतं.

बघण्याची सुरुवात तेलापासून. तेल पांढरट दिसलं म्हणजे पाणीच, ही समजूत घाईची असते. नुकतंच चालवलेलं इंजिन थांबवून लगेच तेल काढलं तर चाकांनी घुसळलेल्या हवेमुळेही ते फेसाळ, फिकट दिसतं. काही गिअर ऑइलं मुळातच निळी किंवा हिरवी असतात, आणि ओळखीचा रंग नसला की माणूस बिचकतो. त्यासाठी मी नव्या तेलाची छोटी बाटली नमुना म्हणून शेजारी ठेवते आणि काढलेलं तेल झाकून एक रात्र तसंच सोडते. हवेचा फेस सकाळपर्यंत विरतो. पाणी असेल तर पांढुरकेपणा टिकतो, आणि पुष्कळ असेल तर बरणीच्या तळाशी वेगळी रेघ उमटते. पण होड्यांसाठीची गिअर ऑइलं थोडं पाणी स्वतःत सामावून घेता यावं अशीच बनवलेली असतात, तेव्हा रेघ दिसली नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. शंका उरलीच तर गरम तव्यावर एक थेंब टाकायचा. निव्वळ तेल पसरतं नि धुरकटतं. पाणी मिसळलेलं तेल तडतडतं.

मग बरणीतून चुंबक फिरवायचा. राखाडी, मलमासारखा मऊ थर लागला तर ती वयाची झीज, ती कुठल्याही गिअरकेसमध्ये असते. बोटांना टोचणारे कण किंवा चकचकीत कपचे लागले तर गळतीचा शोध बाजूला ठेवून आधी चाकं आणि बेअरिंगं बघायची. माझ्या चुंबकाला मऊ थरच लागला. मला केवढं हायसं वाटलं ते सांगता यायचं नाही.

"थोडं पाणी जाणारच, तेल बदलत राहायचं" असं सांगणारे मला पुष्कळ भेटले आहेत. अडल्या वेळी घरी परत येण्यापुरतं ते ठीक. एरवी ते मला पटत नाही, आणि ते मी स्पष्टच म्हणते. इंजिन चालू असताना पाणी तेलात घुसळलेलं असतं. दात्यांवर पकडून राहायची तेलाची ताकद त्याने कमी होतेच. पण मोठं नुकसान होतं ते इंजिन उभं असताना. आठवडेच्या आठवडे ते स्टँडवर टांगलेलं असतं, पाणी वेगळं होऊन खाली उतरतं आणि बेअरिंगच्या तळच्या रोलरांना कवटाळून बसतं. मी एका फुकट गेलेल्या बेअरिंगची रिंग जपून ठेवली आहे. तिच्यावर गंजाचे आडवे पट्टे आहेत, दोन रोलरांमध्ये असतं तितक्याच अंतरावर, मोजून ठेवल्यासारखे. म्हणजे तो रोलर त्या जागी, त्या पाण्यात, न हलता किती काळ उभा राहिला असेल. थंड मुलखात तर आणखी एक संकट: पाणी गोठताना साधारण ९ टक्क्यांनी फुगतं, आणि पाण्याने भरलेली अॅल्युमिनियमची गिअरकेस एका हिवाळ्यात तडकते.

पाणी आत का शिरतं, हे समजल्यावर माझा शोध खऱ्या अर्थाने सुरू झाला. आधी मला वाटायचं, बाहेरचं पाणी जोर लावून आत घुसतं. हिशेब केला तर तो जोर फारच थोडा निघतो. पंख्याचा शाफ्ट पाण्याखाली अर्धा मीटर आहे असं धरलं तर तिथला पाण्याचा दाब दर चौरस इंचाला पाऊण पौंडही भरत नाही. गॅरेजच्या बोलीत नुसतं 'पाऊण पौंड'. बरं सील एवढ्याला दाद देणार नाही.

खरा खेळ तापण्याचा आणि निवण्याचा आहे. चाकं फिरली की तेल तापतं. तेल दर अंशाला साधारण ०.०७ टक्के फुगतं. माझ्या गिअरकेसमध्ये पाव लिटरच्या आसपास तेल मावतं, ते ३० अंशांनी तापलं तर साधारण ५ मिलिलिटर जागा जास्त मागतं. वर उरलेली हवाही तेवढीच तापते आणि तिचा दाब एकदशांशाने, म्हणजे दीड पौंडाने, चढतो; शिवाय फुगलेलं तेल तिला दाबतं ते वेगळंच. दुबळ्या सीलमधून थोडी हवा, थोडं तेल बाहेर निसटतं. मग आपण इंजिन बंद करतो. गिअरकेस सगळ्या बाजूंनी गार पाण्यात, बघता बघता ती निवते. तेल आकसतं, हवा आकसते, आणि निसटून गेलेल्याची जागा रिकामी पडते. ती पेटी आता श्वास आत ओढते, आणि तिच्याभोवती ओढण्यासारखं पाण्याशिवाय काहीच नसतं.

हे लक्षात आल्यावर मला माझीच एक नोंद आठवली. एका लांबच्या, न थांबता केलेल्या फेरीनंतर तेल फक्त थोडं मळकट झालं होतं. तेवढ्याच तासांच्या, पण दहादा थांबत थांबत केलेल्या फेरीनंतर ते पार दुधी निघालं. तेव्हा मी त्याचा संबंध लावला नव्हता. दर थांब्याला गिअरकेस एक घोट घेत होती.

आणि इथेच सीलची दिशा महत्त्वाची ठरते. ऑइल सील म्हणजे धातूच्या कड्यात बसवलेला रबराचा पातळ ओठ, त्याच्याभोवती केसासारख्या तारेची स्प्रिंग. ओठ ज्या बाजूला तोंड करून असतो त्या बाजूचा दाब त्याला शाफ्टवर आणखी घट्ट टेकवतो. उलट बाजूने दाब आला की तोच ओठ उचलला जातो. नंतरच्या काळातल्या गिअरकेसमध्ये मागच्या शाफ्टवर बहुधा दोन सीलं पाठीला पाठ लावून बसवतात, एक तेल राखायला, एक पाणी थोपवायला. माझ्या इंजिनात मागे एकच, तेलाकडे तोंड करून बसलेलं. आतून लोटणाऱ्या तेलाला ते अडवतं. आतून कुणी ओढायला लागलं तर त्याची परीक्षा असते.

म्हणून तपासणीही दोन्ही बाजूंनी करावी लागते. आधी आत हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते बघायचं, मग आतली हवा खेचून घ्यायची आणि पेटी ती पोकळी टिकवते का ते बघायचं. गिअरकेस इंजिनापासून सोडवली, वरचा पाण्याचा पंप काढला, तेल निथळू दिलं, खालचा स्क्रू नव्या वॉशरसकट घट्ट केला आणि वरच्या स्क्रूच्या भोकात आट्यांचा जोड बसवून त्याला हातपंप आणि गेज लावला. वॉशर नवे, कारण ते एकदा चेपले की पुन्हा तसे बसत नाहीत. इतक्या क्षुल्लक गोष्टीपायी किती गिअरकेस विनाकारण उघडल्या गेल्या असतील. काही मॉडेल्समध्ये खालच्या स्क्रूच्या जवळच गिअरच्या यंत्रणेचा स्क्रू असतो, फुलीच्या खाचेचा. तेलाचा समजून तो काढला तर आतली जोडणी निसटते, आणि न काढताही त्याच्या जीर्ण वॉशरमधून पाणी शिरू शकतं. बघायची पहिली जागा नेहमी स्क्रू. माझे स्क्रू निर्दोष होते.

पूर्ण गिअरकेस पाण्याच्या टबात बुडवली. घाईने एकदम १५ पौंडांवर जाऊ नकोस, असं काकांनी बजावलं होतं. ३ पौंड भरले, पंप थांबवला, पाणी निवळू दिलं. पाणी निवळायची वाट बघणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम. हात लावला की धातूला चिकटलेले हवेचे कण सुटतात आणि दर कण गळतीसारखा दिसतो. तिसऱ्या मिनिटाला मागच्या शाफ्टपाशी एक बुडबुडा फुगला, बराच वेळ कडेला धरून राहिला आणि सुटला. मग तिथेच दुसरा. मी दाब १२ पौंडांवर नेला, जोरात धार येईल या अपेक्षेने. बुडबुडे थांबले.

मला वाटलं, गेज बिघडला. मग ओठ आठवला. वाढलेल्या दाबाने त्याला आतून शाफ्टवर दाबून धरलं होतं. म्हणजे एकदम १२ पौंड भरून तपासलं असतं तर या सीलला मी निर्दोष ठरवलं असतं. काकांनी हळू जायला का सांगितलं ते तेव्हा उमगलं.

पण सील तर नवं होतं. मग दोष कुणाचा? शाफ्ट बाहेर काढून पुसला आणि नखाची कड त्याच्यावरून आडवी सरकवली. नख अडकलं. डोळ्यांना जेमतेम दिसणारी, पूर्ण वेढ्याची बारीक खाच. जुन्या सीलचा ओठ वर्षानुवर्षं एकाच रेषेवर घासत राहिला होता आणि त्या मऊ रबराने पोलाद खाल्लं होतं. मऊ रबरात बारीक वाळू रुतते नि कानशीसारखी चालते, असं त्यामागचं साधं कारण. मी बसवलेलं नवं सील अगदी त्याच खोलीवर बसलं होतं, म्हणजे त्याचा ओठ त्याच खाचेत. शिवाय पंख्याच्या मागच्या वॉशरखाली मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचं एक वेटोळं सापडलं, पार घट्ट आवळलेलं. पंखा काढल्याशिवाय ते दिसलंच नसतं. असा दोरा गुंडाळत गुंडाळत सीलपर्यंत पोहोचला की ओठ कापतो. दर हंगामात एकदा पंखा काढून बघावा, असं मी आता ओळखीतल्या प्रत्येकाला विनवून सांगते.

खाच पडलेल्या शाफ्टवर पातळ पोलादी बाही चढवता येते. माझ्या इंजिनात सीलच्या जागेला थोडी खोली शिल्लक होती, तेव्हा त्याहून सोपा मार्ग निघाला: नवं सील दोन मिलिमीटर बाहेरच्या बाजूला बसवलं, म्हणजे ओठ न झिजलेल्या पोलादावर आला. शाफ्टच्या कडांवरून सरकवताना ओठ फाटू नये म्हणून कडेला पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं, ओठाला ग्रीस लावलं. पुन्हा टबात. ३ पौंड, शांत. ५ पौंड, शांत. १२ पौंड, पाच मिनिटं, सुई हलली नाही. दोन्ही शाफ्ट हाताने फिरवून बघितले, तरी शांत.

गळती सापडली होती, दुरुस्त झाली होती. मी काकांना सांगितलं. ते म्हणाले, "छान. आता ओढून बघ."

हवा खेचायला लागले. पोकळी पाऱ्याच्या इंचांत मोजतात. ४ इंचांपर्यंत सुई ठीक उभी. १५ इंचांवर नेली आणि बघत राहिले. सुई पडत नव्हती. मी सुटकेचा श्वास टाकला. काका मात्र गिअरच्या सळईकडे बोट दाखवत म्हणाले, "कुठल्या गिअरमध्ये आहे?"

न्यूट्रलमध्ये होती. अर्थातच. सगळी तपासणी मी न्यूट्रलमध्ये केली होती, कारण सोडवून टेबलावर ठेवलेली गिअरकेस न्यूट्रलमध्येच असते.

"होडी न्यूट्रलमध्ये चालते का गं?"

मी सळई पुढच्या गिअरमध्ये सरकवली. इंचभरही नाही, थोडीशीच. सुई खाली यायला लागली. घसरली नाही, घाईही केली नाही. घड्याळाच्या काट्यासारखी सावकाश उतरत गेली. पोकळीच्या तपासणीत एक उणीव असते: गळती आहे एवढं कळतं, कुठे ते दिसत नाही, कारण बुडबुडे बाहेर येतच नाहीत. त्यावर उपाय असा की संशयाच्या जागी तेलाचं बोट फिरवायचं. गळती तिथे असेल तर तेल भोक बुजवतं, सुई क्षणभर थांबते आणि तेल आत ओढलं जातं. मी सळई जिथून आत शिरते त्या बुशच्या तोंडाशी दोन थेंब सोडले. सुई थांबली. मग तेलाची ती गोल चकती मध्यभागी खोलगट झाली आणि आत गेली.

ते दोन थेंब आत जाताना मी जे बघितलं ते माझ्या मनातून जात नाही. इतके महिने जे पाण्याखाली, अंधारात, मी नसताना घडत होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर टेबलावर घडलं.

सळई बाहेर काढली. न्यूट्रलमध्ये ओ-रिंग जिथे टेकते तिथे ती गुळगुळीत होती. त्याच्या जरासं वर, पुढच्या गिअरमध्ये जो भाग ओ-रिंगमध्ये येतो नेमका तिथे, गंजाचे चार-पाच खड्डे, टाचणीने टोचल्यासारखे. बाहेरच्या पाण्याकडचा तो भाग. होडी धावत असताना तो ओ-रिंगमध्ये सरकायचा, थांबवताना बहुतेक वेळा मी गिअर तसाच ठेवायचे, आणि निवणारी गिअरकेस त्या खड्ड्यांतून पाणी ओढायची. ओ-रिंग स्वतः कडक, चपटी झालेली. वाकवली तर चिरली. जी एक जागा मी अवघड म्हणून सोडली होती, तीच.

खड्डे पॉलिश पेपरने घासून जाण्याइतके उथळ नव्हते. तेवढं घासलं असतं तर सळई बारीक होऊन ओ-रिंगला सैल झाली असती. दुसऱ्या, सुट्या भागांसाठी ठेवलेल्या इंजिनातली सळई मिळाली. यासाठीच मला जुन्या इंजिनांबद्दल कळकळ वाटते. एव्हिनरूड या नावाची आउटबोर्ड बनणंसुद्धा २०२० मध्ये थांबलं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या इंजिनांचे पिनियन, शाफ्ट, सळया आता जेवढ्या आहेत तेवढ्याच आहेत. वॉशर बदलायचा राहिला म्हणून एक पिनियन गंजला, तर तो जगातल्या उरलेल्यांतून एक कमी होतो.

नवी ओ-रिंग बुशमध्ये बसवायला अख्खी दुपार गेली. जोडातली रबराची दोरी खाचेपेक्षा किंचित लांब कापली, टोकं एकमेकांना भिडवून त्यांना सीलंट लावलं, स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळले. मग पुन्हा टब आणि पुन्हा पोकळी, या वेळी न्यूट्रल, पुढे, मागे, तिन्ही गिअरमध्ये, शाफ्ट फिरवत. सुई उभी. तेल खालच्या भोकातून वर चढवलं, कारण वरून ओतलं तर हवेचे कप्पे आत अडकतात. वरच्या भोकातून बुडबुड्यांशिवाय तेल यायला लागल्यावर आधी वरचा स्क्रू लावला, मग नळी काढून चटकन खालचा.

दहा तास चालवलं, मुद्दाम थांबत थांबत. दर थांब्याला इंजिन पुढच्या गिअरमध्ये ठेवून, गिअरकेस पाण्यात पूर्ण निवू दिली. मग वर उचललं, आणलं, रात्रभर सरळ उभं ठेवलं.

सकाळी बरणी धरली आणि खालचा स्क्रू अर्धा वेढा फिरवला. थेंब जमायला वेळ लागला. स्क्रूच्या कडेला तो लोंबत राहिला, लांबट झाला, त्यातून पलीकडची खिडकी उलटी दिसली. तेलाचा होता. दुसराही. मी काकांना फोन केला.

"पहिला थेंब?"

"तेलाचा."

"बरं. बाकीचंही काढ. बरणी झाकून ठेव, उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी बरणी खिडकीशी नेऊन नमुन्याच्या बाटलीशेजारी धरली. काढलेलं तेल थोडं काळवंडलं होतं. वरपासून तळापर्यंत एकच रंग होता.